कुल्फीच्या मटक्यातलं मीठ

मे महिना, रात्रीचे साडेनऊ, गिरगाव चौपाटी. वारा पार पडलेला, वाळू अजून कोमट. कुल्फीच्या गाडीपाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी हातातली कुल्फी विसरून मटक्याकडे बघत उभी. कुल्फी पाघळून मनगटावरून कोपराकडे निघालेली. आई मागून ओरडतेय, "अगं चाट ना, फ्रॉक खराब होईल!" पण हिचं लक्ष कुल्फीवाल्याच्या हातांकडे. त्याने गोणपाटातून बर्फाचा तुकडा काढला, लाकडी दांडक्याने फोडला, चुरा साच्यांभोवती ठासला आणि वरून दोन मुठी जाडं मीठ भिरकावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, टीचर तर म्हणाल्या, मीठ टाकलं की बर्फ वितळतो. फॉरेनला रस्त्यावर टाकतात ना! मग हे काका गोठवायला का टाकतायत?" बाबांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगून टाकलं, "ते मीठ वेगळं असतं गं." कुल्फीवाल्याला काही ते सहन झालं नाही. "अलग काय नाय साहेब, वही नमक है. नमक नहीं डालेगा तो जमेगा कैसे?" बाबा हसले, पैसे दिले, मंडळी निघून गेली. प्रश्न मात्र मटक्याच्या कडेला सांडलेल्या मिठासारखा तिथेच पडून राहिला.

टीचरचंही खरं होतं आणि कुल्फीवाल्याचंही.

बर्फाच्या खड्यावर पाण्याचा एक अतिपातळ पापुद्रा असतो. मीठ त्यात विरघळतं, आणि खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मग बर्फ वितळत राहतो. वितळायला मात्र त्याला उष्णता लागते, किलोमागे ३३४ किलोज्यूल. ही उष्णता तो जवळ असेल त्याच्याकडून ओरबाडतो. मटक्यात जवळ असतं आटवलेलं दूध. साधारण तीन वाटे बर्फाला एक वाटा मीठ असलं की मिश्रण शून्याच्या पार खाली, उणे पंधरा-अठरापर्यंत उतरतं आणि दूध गोठतं. रस्त्यावरही हेच घडतं, फक्त दुधाच्या जागी डांबर असतं. डांबराखाली जमीन, वर हवा, शिवाय गाड्यांच्या टायरांचं घर्षण. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून उष्णता काढली तरी रस्ता काही कुल्फीसारखा जमत नाही, बर्फ तेवढा सुटतो. या खेळाला तळ आहे. वजनाने २३.३ टक्के मीठ असलेलं पाणी उणे २१.१ अंशांपर्यंत द्रव राहतं, त्याखाली साधं मीठ कामाचं नाही. हा झाला प्रयोगशाळेतला तळ. रस्त्यावर उणे नऊ-दहाच्या खाली मीठ इतकं रेंगाळतं की ते टाकलं काय नि न टाकलं काय.

आता ज्यांना वाटतं की परदेशात मीठ टाकून रस्त्यावरचा सगळा बर्फ वितळवतात, त्यांनी एकदा हिशेब मांडून बघावा. सात मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्ता घ्या. त्यावर दहा सेंटिमीटर ताजा बर्फ पडला. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. तरीही झाला सातशे घनमीटर, म्हणजे सत्तर टन. तो वितळवायचा तर साडेसहा हजार युनिट वीज लागेल. महिन्याला तीनशे युनिट जाळणारं मुंबईतलं एखादं घर त्यात पावणेदोन वर्षं काढेल. तेही एका किलोमीटरचं, एका रात्रीचं. आणि तेवढ्याच रस्त्यावर मीठ किती टाकतात? चौरस मीटरला वीस ग्रॅम धरलं तर १४० किलो. म्हणजे तीन पोती. सत्तर टनांपुढे तीन पोत्यांची काय मात्रा चालणार?

चालते, कारण मिठाचं काम बर्फ संपवण्याचं नसतंच. त्याला रस्त्याला चिकटू न देणं, एवढंच ते काम. परातीत पीठ भुरभुरल्याशिवाय भाकरी थापायला घेतली तर काय होतं, हे ज्यांनी एकदाही भाकरी केली आहे त्यांना सांगायला नको. गोळा तळाला धरतो, मग उलथन्याने खरवडा नाहीतर कपाळाला हात लावा. पहिला इंचभर बर्फ पडला की त्यावरून टायर जातात, तो दाबला जातो, डांबराच्या बारीक खाचांत घुसतो आणि तिथे गोठून बसतो. त्यानंतर बर्फ लोटणारा कितीही दांडगा नांगर आणा, पातं वरून सुळकन घसरतं आणि खाली काचेसारखा थर शिल्लक राहतो. म्हणून पीठ आधी, गोळा नंतर. बर्फ पडण्याआधी रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा हात फिरवलेला असला की वरचा सगळा ढिगारा भुसभुशीत राहतो आणि नांगराने एका झटक्यात कडेला जातो.

ही 'आधी' नेमकी कधी, त्यावर रस्ते मोकळे ठेवणाऱ्यांची झोप उडालेली असते. ब्रिटनमध्ये रस्त्यात तापमापक पुरलेले असतात, आणि बघायचं ते हवेचं नव्हे तर रस्त्याच्या पाठीचं तापमान. निरभ्र रात्री हवा दोन-तीन अंशांवर असताना डांबर शून्याखाली गेलेलं असू शकतं. पूल तर त्याहून आधी गोठतात, कारण त्यांच्या पोटाखाली ऊब धरून ठेवणारी जमीन नसते, वारा असतो. नुसता दंवाचा धोका असेल तर चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास, बर्फ पडणार असेल तर वीस किंवा जास्त. तिथल्या मीठगाडीला ते 'ग्रिटर' म्हणतात, म्हणजे खडी टाकणारी, पण टाकते मुख्यतः खाणीतलं तपकिरी सैंधव, सहा ते दहा मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांचं. त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. जमिनीखाली दीडशे मीटरच्या आसपास पुरातन समुद्राचा वाळलेला तळ आहे, १८४४ पासून तो खणताहेत. स्कॉटलंडमध्ये या गाड्यांना लोकांनी नावं ठेवली आहेत. 'सर अँडी फ्लरी' नावाची गाडी आत्ता कुठल्या रस्त्यावर आहे ते नकाशावर दिसतं. आपल्याकडे ट्रकच्या मागे नाव लिहायचा हक्क मालकाचा, तिकडे करदात्याचा.

कोरडं मीठ टाकण्यात एक घोटाळा आहे. धावत्या गाडीतून फेकलेला खडा रस्त्यावर आपटून उडतो, पुढच्या गाडीच्या वाऱ्याने गटारात जातो. शिवाय मीठ काम करतं ते ओलं झाल्यावर, आणि कोरड्या थंडीत ओलं व्हायला वेळ लागतो. म्हणून जर्मनीत सत्तर टक्के कोरडं मीठ आणि तीस टक्के खारं पाणी असं फेकण्याच्या चकतीवरच एकत्र करतात. ओला खडा पडतो तिथेच बसतो. अमेरिकेत बर्फाच्या आदल्या दिवशी महामार्गावर नुसतं २३ टक्क्यांचं खारं पाणी फवारतात. ते वाळलं की डांबरावर पांढऱ्या समांतर रेघा उरतात, कोणी रस्त्याला वही समजून आखल्यासारख्या. उणे दहाच्या खाली कॅल्शियम क्लोराइड. ते विरघळताना स्वतःच तापतं, पण महाग, आणि डबा उघडा राहिला तर हवेतलं पाणी ओढून दगड होतं. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यात बीटच्या साखरेची मळी मिसळतात. मळी चिकट, त्यामुळे मीठ रस्ता धरून राहतं. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस हे वाचून सुस्कारा सोडेल. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मिलवॉकी शहराने तर चीज मुरवून उरलेलं खारवणी रस्त्यावर शिंपडून पाहिलं. वास येतो म्हणे.

आणि तरीही फसतं. सर्वात वाईट रात्र कुठली? आधी पाऊस आणि मग त्याचाच बर्फ होणारी. पाऊस आधी टाकलेलं सगळं मीठ धुऊन नेतो, आणि पाऊस थांबून बर्फ सुरू व्हायला मधे उसंत मिळत नाही. त्यात ऑफिसं सुटायची वेळ असेल तर संपलंच. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकाच दुपारी सुटली, सगळे एकदम रस्त्यावर आले आणि ज्या गाड्यांनी मीठ टाकायचं त्या त्याच कोंडीत अडकल्या. लोकांनी रात्र गाडीत काढली, मुलांनी शाळेत. सव्वीस जुलै बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे पाणी होतं, तिकडे बर्फ. माणसं मात्र तशीच दार उघडून चालू पडली.

जिथे मीठ चालत नाही तिथे लोक बर्फ काढायचा हट्टच सोडतात. नॉर्वे, फिनलंडच्या आतल्या भागात थंडी इतकी असते की ते बर्फाचा घट्ट थर रस्ता म्हणूनच वापरतात आणि त्यावर खडी नाहीतर वाळू टाकतात. नुसती वाळू दहा-वीस गाड्यांनंतर उडून कडेला जाते. त्यावर नॉर्वेकरांनी काढलेली युक्ती कुल्फीवाल्याला नक्की आवडेल. वाळूत नव्वद-पंचाण्णव अंशांचं गरम पाणी मिसळायचं आणि ते मिश्रण बर्फावर टाकायचं. गरम वाळू बर्फात किंचित रुतते, पाणी तिथल्या तिथे गोठतं आणि रस्त्याचा पॉलिशपेपर होतो, तो काही दिवस टिकतो. पाणी कोमट झालं तर मात्र वाळूचे गोळे होतात आणि फेकयंत्राचं तोंड बुजतं. फिनलंडमध्ये याचं उट्टं वसंतात निघतं. बर्फ जातो, हिवाळाभर टाकलेली खडी उरते, टायरांखाली तिची भुकटी होते आणि शहर आठवडेच्या आठवडे धुळीत खोकत बसतं.

जपानच्या होक्काइदोत धुळीचाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. टायरांना लोखंडी खिळे ठोकून लोक बिनधास्त गाड्या हाकायचे आणि खिळे डांबर कुरतडायचे. धूळ असह्य झाली तेव्हा १९९० च्या कायद्याने खिळे बंद केले. मग दुसरंच पुढे आलं. खिळे जो थर ओरखडत होते तो आता गुळगुळीत टायरांखाली घासून घासून आरसा झाला. साप्पोरो म्हणजे वीस लाखांच्या आतबाहेर वस्ती, आणि वर्षाला पाचेक मीटर बर्फ. तिथे चौकाचौकांत पेट्या ठेवल्या आहेत, त्यात बारीक खडीच्या पिशव्या. रस्ता ओलांडणाऱ्याने पिशवी घ्यायची, फाडायची, पुढे शिंपडत चालायचं. मागच्याची सोय होते. वर रस्त्याच्या कडेला खांबांवरून खाली टोक केलेले बाण लटकतात, 'रस्ता इथे संपतो' हे सांगायला. नांगर चालवणाऱ्याला बर्फाखाली दुसरं काही दिसत नसतं.

आणि तिथून खाली दक्षिणेला, निइगाता प्रांतातल्या नागाओकात गेलं की पद्धत उफराटी. तिथला बर्फ ओला, जड, आणि तापमान शून्याच्या आसपास घुटमळणारं. भूगर्भातलं पाणी बारा महिने तेरा-चौदा अंशांवर. १९६१ च्या सुमारास तिथे रस्त्याच्या मधोमध नळ पुरून त्यातून हे पाणी शिंपडायला सुरुवात झाली. बर्फ पडतोय तसा वितळतो, मीठ नाही, नांगर नाही. याची किंमत आहे. पाण्यात लोह असल्याने रस्ते आणि भिंतींचे पाय गंजाच्या रंगाचे होतात, पादचाऱ्यांच्या पँटीवर शिंतोडे उडतात, आणि सगळ्यांनी एकाच रात्री पंप चालू केले की पाण्याची पातळी घसरते. त्या भागात काही ठिकाणी जमीन खचली. आता बर्फ जाणवणारं यंत्र असतं, पाणी आळीपाळीने सोडतात. हीच नळयोजना साप्पोरोत केली तर शिंपडलेलं पाणीच गोठेल आणि फुकटात स्केटिंगचं मैदान तयार होईल. पायाखाली काय आहे त्यावर सगळं ठरतं. डेट्रॉइटच्या पोटात मिठाची खाण आहे, आइसलंडमध्ये रेक्याविकला घरं तापवून परत आलेलं कोमट पाणी फुटपाथखालून फिरवतात. ज्याला ना मीठ ना ऊब, त्याच्या हाती फावडं.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला प्रकार तर अजून निराळा. १९७० मध्ये तिथल्या आंतरराज्य महामार्ग ८० चा एक टप्पा उघडला आणि वाऱ्याने उडालेल्या बर्फाखाली पहिल्याच हिवाळ्यात वारंवार बंद पडला. आभाळातून फार काही पडत नव्हतं, माळावरचा बर्फ आडवा वाहत येऊन रस्त्यावर साचत होता. मग नांगर वाढवण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची कुंपणं घातली. कुंपण भरीव नको, साधारण निम्मं मोकळं हवं. खाली उंचीच्या दहा-पंधरा टक्के फट ठेवायची, नाहीतर ते स्वतःच गाडलं जातं. रस्त्यापासून अंतर कुंपणाच्या उंचीच्या पस्तीस पट, कारण भरत आलेल्या ढिगाऱ्याची शेपटी तिथवर पोचते. अंतर कमी केलं तर जो बर्फ अडवायचा तोच मोठ्या प्रेमाने रस्त्यावर आणून ठेवल्यासारखं होतं.

बाजूला सारलेल्या बर्फाचं पुढे काय, हा प्रश्न कचऱ्याच्या जातीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये बर्फ काढायचं काम सफाई खात्याकडे आहे, कचऱ्याच्याच ट्रकना पुढे नांगर जोडतात. ज्या शहराने देवनार पाहिलं आहे त्याला पुढचं सांगावं लागू नये. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर साचलं की नुसतं कडेला लोटून भागत नाही, उचलून न्यावंच लागतं, कारण तिथे हिवाळाभर वितळत नाही आणि कडेचा बांध दर वादळाला पुढे सरकत गल्ली गिळतो. आधी नारिंगी पाट्या लागतात, अमुक तास गाडी लावू नका. मग टोइंगवाला विचित्र भोंगा वाजवत फिरतो. त्या आवाजाने झोपेतून उठून पायजम्यावर, अंगात जाडजूड कोट अडकवून माणसं खाली धावतात. न उठणाऱ्याची गाडी शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतात. मग छोटी यंत्रं फुटपाथवरचा बर्फ रस्त्यावर आणतात, नांगर त्याची एक लांब रास करतात, आणि शेवटी येतं फेकयंत्र. पुढच्या मळसूत्राने रास आत ओढायची, मागच्या पंख्याने धुराड्यातून शेजारी चालणाऱ्या ट्रकमध्ये उडवायची. ही कल्पना त्याच क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकारला शेतातल्या मळणीयंत्रावरून सुचली, १९२५ मध्ये त्याने यंत्र बनवलं. भूस उडतं तसा बर्फ का उडू नये? रब्बीच्या खळ्यावर उभं राहिलेल्या कुणालाही हे सुचायला हरकत नव्हती, पण आपल्या खळ्यावर कधी बर्फ पडला नाही. ट्रक भरले की जुन्या दगडखाणीत नाहीतर मलवाहिनीच्या खास तोंडात रिकामे होतात. पूर्वी नदीत टाकत, पण त्या बर्फात मीठ, तेल, टायरचा चुरा, सगळंच असतं.

या ढिगांना उन्हाळाही दाद देत नाही. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ऋतूभरात २८१ सेंटिमीटर बर्फ पडला. बंदरापाशी रचलेला ढीग संपायला १४ जुलै उजाडला. वरचा बर्फ वितळत गेला तसा आतला कचरा वर येऊन त्याची गोधडी झाली, आणि त्या गोधडीने खालचा बर्फ जपला. गंमत अशी की १८३० च्या दशकात याच बॉस्टनहून बर्फाची जहाजं मुंबईला येत. तळ्यातून करवतीने कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या, शिडांवर चार महिन्यांचा प्रवास. ससून डॉकला आज मासळीवर टाकायला बर्फ येतो तोही गोणपाटाखालीच. तेव्हाचा भुसा, आजचं गोणपाट आणि बॉस्टनच्या ढिगावरची घाण, तिघांचं काम एकच.

नांगराबद्दल जगभर एकच तक्रार आहे. रस्ता साफ करताना तो प्रत्येकाच्या दारासमोर बांध घालून जातो. तासभर फावडं मारून केलेली वाट एका फेरीत बुजते, आणि हा बांध मऊ नसतो, ढेकळं ढेकळं, रात्रीत सिमेंट. साप्पोरोपासून शिकागोपर्यंत महापालिकेला येणाऱ्या शिव्यांत हा विषय नेहमीचा. शिकागोत आणि बॉस्टनमध्ये तर स्वतः उपसलेल्या जागेत मोडकी खुर्ची ठेवून ती आपली असल्याचं जाहीर करतात. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाने त्यांना हसू नये. स्वीडनमध्ये प्रश्न वेगळा निघाला. कार्लस्कोगा गावात कुणीतरी विचारलं की आधी मोठे रस्ते, मग फुटपाथ, हा क्रम कुणी ठरवला? गाडीने जाणारे बहुतेक पुरुष, मुलं-पिशव्या घेऊन पायी किंवा सायकलने जाणाऱ्या बहुतेक बाया. आणि पाय घसरून हात मोडणारे तर पायीच असतात. मोटारीला दहा सेंटिमीटर बर्फातून वाट काढता येते, बाबागाडीला नाही. क्रम उलटा केला. पुढे स्टॉकहोमनेही तसं धोरण घेतलं आणि २०१६ च्या नोव्हेंबरात प्रचंड बर्फ पडून शहर ठप्प झालं तेव्हा सगळा राग त्या धोरणावर काढला गेला. एवढ्या बर्फात कुठलाच क्रम टिकला नसता, पण पावसाळ्यात तुंबल्यावर कोणाच्या नावाने खडे फोडायचे हे ठरवून ठेवलेली शहरं आपल्यालाही ओळखीची आहेत.

मुंबईच्या माणसाची बर्फ काढलेल्या रस्त्याशी गाठ पडते ती सहलीच्या फोटोत. रोहतांगला नाहीतर झोजिलाला दोन्ही बाजूंना उभ्या कापलेल्या पांढऱ्या भिंती, मधून एकेरी रस्ता, पुढे भाड्याच्या गमबुटांतली मंडळी. त्या भिंती कशा उभ्या राहिल्या हे फोटोत येत नाही.

झोजिला ३५२८ मीटरवर. उंचीने तो लडाखमधल्या इतर खिंडींच्या मानाने लहान, पण बर्फ तिथेच जास्त, कारण काश्मीरकडून आलेले ओले ढग तिथे सांडतात. सीमा सडक संघटनेच्या दोन तुकड्या दोन टोकांकडून भिडतात, सोनमर्गच्या बाजूने 'बीकन' आणि द्रासच्या बाजूने 'विजयक'. इथे मिठाचा काही संबंध नाही. हिमकडा कोसळून आलेला बर्फ हा पडलेल्या बर्फासारखा नसतोच. वाटेत दळला जाऊन थांबल्या क्षणी तो घट्ट होतो, आणि त्यात दगड, झाडांचे बुंधे, काय वाटेल ते असतं. जिथे असा लोट उतरतो तिथे दोन-तीन मजले उंच थर साचतो. फेकयंत्राचं तोंड फार तर माणसाच्या उंचीचं. थेट पायथ्यापासून कापायला घेतलं तर वरचा भाग यंत्रावरच कोसळेल. म्हणून डोझर आधी वर चढतो, डोक्यावरून पायऱ्या पायऱ्यांनी थर उतरवत आणतो आणि मागून कटर, म्हणजे तेच फेकयंत्र, येऊन शेवटचा भाग दरीकडे फेकतो. डोझर वर चढवायचा तर खाली रस्ता नेमका कुठे आहे हे माहीत हवं. खांब गाडलेले असतात पण लोट त्यांनाही घेऊन गेलेला असतो. मग जुना ऑपरेटर समोरच्या कड्याच्या आकारावरून अंदाज बांधतो. वाव फुटाचा असतो, पलीकडे दरी.

कटरच्या मळसूत्रात बर्फाआडचा दगड गेला की फाट् असा आवाज होतो आणि दांडा थांबतो. मोडतो तो एक साधा बोल्ट, आणि तो मोडावा म्हणूनच बसवलेला असतो. तो मोडला नाही तर गिअरबॉक्स फुटेल, आणि त्या उंचीवर गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे दिवस गेले. म्हणून केबिनमध्ये अशा बोल्टांची पिशवी असते. नवशिका माणूस वैतागून मजबूत पोलादाचा बोल्ट बसवतो, आणि मग ती चूक आठवडाभर निस्तरावी लागते. इंजिनाचं वेगळंच दुखणं. टर्बो नसेल तर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते, म्हणजे झोजिलावर तिसरा हिस्सा गेलाच. साधं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होऊन गाळणीत अडकतं. पूर्वी टाकीखाली शेगडी धरणं हाच उपाय, २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल मिळू लागलं. फावड्याचं काम करणारे हात बहुतेक झारखंडच्या दुमक्याकडचे, ज्या गावांनी कधी बर्फ पाहिलेला नाही.

कामाची वेळ पहाटेची. रात्रभर गोठून उतार घट्ट असतात तोवर उरकायचं. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ सुटायला लागतो. त्याच उन्हात कापलेल्या भिंतींतून पाणी झिरपून रस्त्यावर पसरतं आणि संध्याकाळी त्याची काच होते. मुंबईहून बुलेट घेऊन गेलेली पोरं आपटतात ती बर्फाच्या ढिगात नव्हे, या दिसत नसलेल्या पाण्यावर. एके काळी झोजिला वर्षातला जवळजवळ अर्धा काळ बंद असायचा. २०२३ मध्ये तो ६८ दिवसांनी उघडला, २०२४ मध्ये ३५, २०२५ मध्ये ३२. यंत्रं वाढली हे खरं, पण खरी युक्ती परातीतलीच आहे. पूर्वी हिवाळाभर साचू देऊन वसंतात एकदम कापायचे. आता खिंड शक्य तितकी उशिरा बंद करतात, साचून दगड व्हायच्या आधी हात घालतात.

मीठ टाकायचं तर त्याची परतफेडही असते. वितळलेलं खारं पाणी पुलाच्या फटींतून आतल्या सळयांपर्यंत जातं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट ढलपे टाकतं. यासाठी आपल्याला अमेरिकेतला पूल बघायला जायला नको. वरळी सी-फेसवरच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या सज्ज्याखाली उभं राहून वर बघावं, सुटलेलं प्लास्टर आणि तांबड्या सळया. ते लोक जे हिवाळ्यात पैसे मोजून रस्त्यावर टाकतात ते आपल्यावर समुद्र बारा महिने फुकट शिंपडतो. तिकडची तळी खारट होत चाललीत, विहिरी बिघडतात, मेपलची झाडं कडेने करपतात. तरी मीठ थांबत नाही, कारण दुसरं काहीच इतकं स्वस्त नाही. मुंबईत हे सगळ्यात आधी कळलं असतं ते भांडुप-कांजूरच्या मिठागरांतल्या माणसाला. मीठ खातं कसं, हे त्याच्या टाचांना ठाऊक असतं.

मराठीत या सगळ्याला शब्द एकच, बर्फ. आभाळातून भुरभुरणारा तोही बर्फ, ससून डॉकची लादी तीही बर्फ, गोळेवाल्याचा कीस तोही बर्फ. 'हिम' आहे, पण ते पुस्तकात आणि पर्वताच्या नावात. शब्द एकच असल्यामुळेच बाबांना चौपाटीवर वाटलं असावं की फरक मिठात असणार.

साडेअकराला कुल्फीवाल्याने मटका तिरका केला. उरलेला चुरा आणि खारं पाणी पदपथाच्या कडेने ओतलं, रिकामे साचे टोपलीत खडखडले. पाणी पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गटाराकडे गेलं. दोन-चार खडे मागे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाली यायच्या आधी, तिथे मटक्याच्या बुडाएवढी एक पांढरी कड वाळलेली होती, आणि कडेचा ब्लॉक जरा ढिला झाला होता.